हंगामाआधी किडनी तपासा

दिवाळी सरता सरता बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या डोंगरी गावांतूनही टोळ्या बाहेर पडतात. शिरोळपासून कागलपर्यंत आणि वारणेपासून भोगावतीपर्यंतचे कारखाने पुढचे चार-पाच महिने त्यांच्याच कोयत्यावर चालतात. या काळात उसाची मोजदाद काटेकोर होते. काट्यावर वजन होते, प्रयोगशाळेत उतारा काढला जातो, कोणत्या गटातून किती टन आले याचा हिशेब रोजच्या रोज लागतो. तोडणाऱ्याच्या शरीराचा हिशेब मात्र या व्यवस्थेत कुठेच बसत नाही. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट दाहाविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर जे संशोधन झाले, ते वाचल्यावर ही उणीव साधी राहत नाही. ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक तोडणी मजुराची किडनी हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी तपासली गेली पाहिजे. आणि त्या तपासणीतून काय निघते याची वाट न पाहता फडात पाणी, सावली आणि विसावा यांची सोय झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या संशोधनाची सुरुवात मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या चिमुकल्या देशात झाली. तिथल्या राजधानीतल्या रोसालेस रुग्णालयात किडनी निकामी होऊन येणाऱ्यांची नोंद डॉक्टरांनी ठेवली आणि २००२ साली ती प्रसिद्ध केली. जवळपास दोन-तृतीयांश रुग्णांना ना मधुमेह होता, ना किडनी बिघडवणारे दुसरे कोणते ओळखीचे कारण. बहुतेक जण पुरुष होते, किनारपट्टीच्या सखल भागात शेतात राबणारे होते. जवळच्याच निकाराग्वात चिचिगाल्पा नावाचे ऊस पिकवणारे गाव आहे. तिथल्या सान अंतोनियो साखर कारखान्याच्या आजारी कामगारांनी आणि मृतांच्या कुटुंबीयांनी २००८ साली थेट जागतिक बँक समूहाच्या तक्रार निवारण यंत्रणेचे दार ठोठावले, कारण कारखान्याला कर्ज त्या समूहातल्या संस्थेने दिले होते. त्या तक्रारीतून बोस्टन विद्यापीठाचा अभ्यास उभा राहिला. संशोधकांनी एकाच कारखान्यातल्या वेगवेगळ्या कामांवरच्या माणसांचे रक्त आणि लघवी हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासली. कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांच्या तुलनेत उन्हात ऊस तोडणाऱ्या आणि बेणे तोडणाऱ्या मजुरांच्या किडनीची क्षमता जास्त घसरलेली आढळली, तीही अवघ्या एका हंगामात. गाव एक, पाणी एक, अन्न जवळपास सारखे. फरक प्रामुख्याने कामाचा होता.

हा आजार आपल्या ओळखीच्या मूत्रपिंडदाहासारखा दिसत नाही, म्हणूनच तो निसटतो. लहान मुलाचा घसा दुखून गेल्यावर किंवा खरजेचे फोड चिघळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी चेहरा सुजतो, लघवी चहासारखी लाल होते. तो दाह किडनीतल्या गाळण्यांचा असतो. घरच्यांना तो डोळ्यांनी दिसतो आणि बहुतेक मुले त्यातून पूर्ण बरी होतात. ऊसतोड मजुरांमधला दाह गाळण्यांपेक्षा त्यांच्या पुढच्या बारीक नलिकांमध्ये आणि त्या नलिकांच्या मधल्या ऊतींमध्ये मुरतो. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली एल साल्वाडोरमधल्या रुग्णांच्या किडनीचे तुकडे तपासले, तेव्हा झिजलेल्या नलिका, वण आणि गाळण्यांची हानी एकत्र दिसली. निकाराग्वातल्या ताज्या रुग्णांच्या तपासणीत, २०१७ साली, नलिकांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी, म्हणजे ऐन भरातला दाह सापडला. दाह विझतो तेव्हा मागे वण ठेवतो आणि वण झालेला भाग पुन्हा कामाला येत नाही. सूज नाही, लघवीत रक्त नाही, प्रथिनेही फारशी जात नाहीत. त्यामुळे आरोग्य शिबिरात लघवीत नुसती पट्टी बुडवली तर अहवाल चांगला येतो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. रक्तातले क्रिएटिनिन पाहावेच लागते. एका वेळच्या आकड्यावरही भागत नाही, कारण साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत तो आकडा नेहमीच्या मर्यादेत राहू शकतो. म्हणूनच एकाच माणसाचा आकडा हंगामाआधी आणि नंतर असा शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो.

उष्णतेने किडनीत दाह कसा होऊ शकतो, याचे बरेचसे उत्तर आता हाती आहे. जोराने काम करणारे स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात, ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घामावाटे पाणी आणि क्षार जातात आणि किडनीकडे जाणारे रक्त आटते. लघवी घट्ट होते, तिच्यात युरिक आम्लाचे खडे धरू शकतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या रिचर्ड जॉन्सन यांच्या गटाने उंदरांवर दाखवले, की वारंवार पाणी कमी पडले तर किडनी स्वतःच्या आतच फळसाखर तयार करू लागते आणि ती पचवताना नलिकांना इजा होते. पाणी कमी पडलेल्या प्राण्यांना साध्या पाण्याऐवजी साखरेचे गोड पाणी दिले, तेव्हा इजा वाढली. दुकानातली थंड गोड बाटली तहान भागवते, किडनीला मात्र ती पाण्याची जागा भरून देत नाही. त्यात भर पडते वेदनाशामक गोळ्यांची. दिवसभर कमरेत वाकून तोडायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री वाहन आले तर उठून भरायचे. त्या अंगदुखीवर मेडिकलमधून मिळणारी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी हा मजुरांचा रोजचा आधार असतो. रक्तपुरवठा कमी पडला की किडनी काही रसायने तयार करून आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. या गोळ्या नेमकी तीच रसायने अडवतात. घाम गळून कोरड्या पडलेल्या शरीरात ती गोळी किडनीला दुहेरी मार देते. बायकांची अडचण याहून वेगळी आणि जास्त लाजिरवाणी आहे, आणि लाज आपल्याला वाटायला हवी. फडात शौचालय नसते, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात.

कोल्हापूर काही चिचिगाल्पा नाही, असा आक्षेप यावर येईल. आपला हंगाम थंडीत सुरू होतो, पंचगंगेच्या काठी डिसेंबरच्या पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही, मग उष्णतेचा आजार इथे कसा होईल? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. मध्य अमेरिकेतले आकडे उचलून इथे चिकटवणे चुकीचेच ठरेल. पण दोन गोष्टी नजरेआड होतात. हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतो, तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि उभ्या उसात वाराही शिरत नाही. दुसरे म्हणजे अंगातली उष्णता हवेपेक्षा श्रमाने जास्त वाढते, आणि ऊसतोडीचा मोबदला टनावर असल्याने श्रमाला नैसर्गिक मर्यादा उरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन तोडते. मुकादमाकडून घेतलेली उचल याच टनांतून फेडायची असते. आजारी पडून एक दिवस चुकला तर खाडा लागतो. अशा हिशेबात दुपारी तासभर सावलीत बसणे म्हणजे पदरचे पैसे देऊन बसणे. भारतात हा आजार नाही, असेही म्हणता येत नाही. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम हा भाग याच कारणाने देशभर ठाऊक झाला. तामिळनाडूतल्या तीन हजारांवर शेतकरी-शेतमजुरांच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण वीसांत एकाला किडनीचा जुनाट आजार आढळला आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये मधुमेह, रक्तदाब यांसारखे ओळखीचे कारण सापडले नाही.

आणखी गंभीर आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच येतो, तो म्हणजे खरे कारण उष्णता आहे हे अजून सिद्ध कुठे झाले? बेल्जियमच्या मार्क द ब्रो यांच्या गटाने २०१९ मध्ये श्रीलंका, एल साल्वाडोर आणि इतर ठिकाणच्या रुग्णांच्या नलिकांमध्ये पेशींच्या आतला एकसारखा बिघाड दाखवला आणि कीटकनाशकांकडे बोट केले. काही संशोधक जळालेल्या उसाच्या धुरातून उडणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांचा माग काढत आहेत. निकाराग्वात ऊस तोडायला अजून सुरुवातही न केलेल्या किशोरवयीन मुलांच्या लघवीत इजेच्या खुणा आढळल्या, तेव्हा निव्वळ कामाच्या उन्हाने सगळे उलगडत नाही हेही मान्य करावे लागते. मला हा वाद कोल्हापूरने कामाला लागण्याचे सर्वात भक्कम कारण वाटतो. मध्य अमेरिकेत तोडणीआधी फड पेटवतात, म्हणून उष्णता आणि धूर यांचा परिणाम वेगळा काढणे तिथे अवघड जाते. आपल्याकडे बहुतांश ऊस हिरवाच तोडतात. जळिताला कारखाने कपात लावतात. मध्य अमेरिकेत तोडणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात, त्यामुळे या कामाने स्त्रियांच्या किडनीचे काय होते याविषयी जगाला फारच थोडे ठाऊक आहे. इथे अर्धा कोयता बाईचा असतो. शिवाय करवीर, पन्हाळ्याकडची गुऱ्हाळे आहेत. तिथे काहिलीसमोर उभा राहणारा गुळव्या आणि चुलाणात चिपाड घालणारा गडी भर थंडीतही धगीत आणि राखेत असतात. एकाच जिल्ह्यात धूर नसलेला घाम, धुरासकट धग आणि बायकांचे श्रम असे तिन्ही गट तपासता येतील, अशी जागा जगात शोधून सापडणार नाही.

कारण शोधायला फार मोठी यंत्रे लागतात, हा आपला गैरसमज आहे. बहुतेकदा रुग्णाला त्याच्या रोजच्या जगण्याविषयी नीट प्रश्न विचारावे लागतात. केरळातल्या कोट्टक्कलच्या रुग्णालयात २०२१ ते २०२३ या काळात गाळण्यांच्या एका विशिष्ट दाहाचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांचा प्रकार दुर्मीळ होता. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा १५ पैकी १३ जण कातडी उजळ करणारे मलम लावत असल्याचे कळले, आणि त्या मलमांत पारा होता. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या किडनीच्या दुखण्यामागे असेच पारा असलेले मलम असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोधून काढले. मलम थांबवल्यावर असा दाह बहुधा ओसरतो. कोणी विचारलेच नसते, तर ही माणसे कारण अज्ञात या रकान्यात गेली असती. ऊसतोड मजुराला तेवढेही विचारले जात नाही, कारण तो दवाखान्यात पोहोचतो तेव्हा हंगाम संपलेला असतो, गाव बदललेले असते आणि समोरच्या डॉक्टरला त्याच्या हातात पाच महिने कोयता होता हे ठाऊक नसते.

कारण पक्के होईपर्यंत थांबायचे का, याला निकाराग्वाने स्वतःच उत्तर दिले आहे. त्याच सान अंतोनियो कारखान्यात ला इस्ला नेटवर्क या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने ठरावीक अंतराने सक्तीची विश्रांती, फडाशेजारी सावलीचा तंबू आणि पाणी व क्षार यांची सोय वाढवण्यात आली. जळीत ऊस तोडणाऱ्यांपैकी २०१७-१८ च्या हंगामात २७ टक्क्यांच्या किडनीला नवी इजा झाली होती. सुधारणा वाढवल्यानंतरच्या हंगामात हे प्रमाण ७ टक्क्यांवर आले. पाण्याने आणि सावलीने कीटकनाशकाचा प्रश्न सुटत नसेल, पण इतकी घट ज्या उपायाने होते तो उपाय कारणाचा वाद मिटेपर्यंत अडवून धरणे याला मी अन्यायच म्हणेन. उत्पादन घटेल ही भीतीही तपासली गेली आहे. एल साल्वाडोरमध्ये एका छोट्या टोळीला पाणी, विश्रांती, सावली आणि हाताला सोसणारा सुधारित कोयता दिला, तेव्हा माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांपर्यंत गेली. टोळी लहान होती आणि कोयताही बदलला होता, म्हणून या आकड्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण विसावा दिला की काम बुडते, हे गृहीतक त्याने नक्कीच डळमळते.

मधुमेह आणि रक्तदाबाने किडनी जाणारे रुग्ण कितीतरी जास्त आहेत, मग ऊसतोड्यांसाठी वेगळी मोहीम कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन, की त्या दोन आजारांची तपासणी निदान प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि त्यांचे रुग्ण बहुधा उतारवयाकडे झुकलेले असतात. हा आजार विशी-तिशी-चाळिशीतल्या कर्त्या माणसाला धरतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावे लागले की सरकारी योजनेतून ते मोफत मिळाले तरी रोजगार बुडतोच, आणि उचल डोक्यावर असलेले घर उघडे पडते. यंत्र आले की प्रश्न संपेल, असेही म्हणतात. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत हे खरे, पण कोल्हापुरातले गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे आणि नदीकाठची ओली राने पाहता कोयता एवढ्यात खाली ठेवला जाणार नाही.

मला स्वतःला ज्या आक्षेपाची खरी धास्ती वाटते, तो मजुरांच्या बाजूने येतो. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले आणि मुकादमाने त्या जोडीला घेतलेच नाही, तर? निकाराग्वात हे घडले. कारखान्याने भरतीआधी रक्त तपासून आजारी माणसे बाहेर ठेवली आणि त्यांतले काही जण ठेकेदारांमार्फत, जिथे तपासणी नाही आणि सोयही नाही, तिथे त्याच उसात उतरले. तपासणी ही चाळणी झाली तर ती मजुराची शत्रू ठरेल. म्हणून अहवाल फक्त मजुराच्या आणि डॉक्टरच्या हातात राहिला पाहिजे. कारखान्याला आणि मुकादमाला नावांशिवाय टोळीनिहाय आकडे मिळाले की पुरे. ज्याची किडनी बिघडली आहे त्याला वाहतूक नोंद, पाणीवाटप, यार्डातले काम असे हलके काम मिळावे आणि त्याची उचल पुढच्या हंगामापर्यंत थांबवली जावी. ही अट मान्य नसेल तर तपासणी करूच नये, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

पैसा आणि यंत्रणा नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय झालेला आहे. १० लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे हे १ कोटी रुपये होतात. क्रिएटिनिनची चाचणी शंभर-दोनशे रुपयांच्या घरातली, सरकारी प्रयोगशाळेत त्याहून स्वस्त. सीपीआर रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे, शिवाजी विद्यापीठात जैवरसायनशास्त्राचे मनुष्यबळ आहे, आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय रोज प्रत्येक फडापर्यंत पोहोचतो. मोजले म्हणजे काय बाहेर पडते, हे बीडने दाखवलेच आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीतून १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आले, तेव्हा कुठे सरकार हलले. तोवर ती वेदना घराघरांत वाटली गेली होती आणि कोणाच्याच खाती जमा नव्हती. मजूर गावी परतल्यावरची तिसरी तपासणी बीड, जालन्याच्या आरोग्य यंत्रणेने केली आणि दोन्हीकडच्या जिल्ह्यांनी एकच नोंदपत्र वापरले, तर स्थलांतराची अडचणही उरत नाही.

कोल्हापूरच्या सहकारी कारखान्यांचे मालक सभासद आहेत, म्हणून ही मागणी मंत्रालयापेक्षा आधी त्यांच्याकडे करतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एफआरपी आणि दुसऱ्या हप्त्याचा प्रश्न जरूर विचारा. त्याच माइकवरून हेही विचारा, की आपल्या कारखान्याच्या टोळ्यांची किडनी तपासणी बॉयलर पेटण्याआधी होणार का, दर फडावर पिण्याच्या पाण्याची टाकी, सावलीचे कापड आणि बायकांसाठी आडोसा मिळणार का, आणि दुपारच्या विसाव्याचा खाडा बंद होणार का. उत्तर गुळमुळीत आले तर तसा ठराव लिहून मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.